भुताचा दुसरा भाग बघताना भीती का वाटत नाही

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी मुलं गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आजोळी जमायचो आणि रात्री लाईट गेली की आजी देवचाराची गोष्ट सांगायची. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, देवचार म्हणजे आमच्याकडे गावाच्या सीमेवरचा राखणदार, त्याला भूत म्हटलेलं गावात कुणाला आवडत नाही आणि देव म्हणावं तर तो देवळात नसतो, कुणी त्याला रोट देतं, कुणी विडी ठेवतं, कुणी सोरो म्हणजे दारू. आजीची गोष्ट दोन मिनिटांची होती. आजोबा तिन्हीसांजेला कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, पाणी सोडून परत येत होते आणि मागून काठी टेकल्याचा आवाज येत होता, ते थांबले की आवाज थांबायचा, चालायला लागले की परत टक टक, आणि आजोबांनी घराच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा तो आवाज त्यांच्या मागे नव्हता, पुढे होता, घरात. संपली गोष्ट. आम्ही विचारायचो अगं पण तो दिसतो कसा, तर आजी म्हणायची, वात बारीक कर, रॉकेल संपेल. त्या रात्री मागच्या न्हाणीकडे एकटं जायची कुणाची टाप नव्हती.

पुढच्या वर्षी माझ्या मामेभावाने ती गोष्ट वाढवली. देवचार आधी कोण होता, त्याला कुणी फसवलं, त्याची बायको कुठल्या झाडावर असते, तो कशाला घाबरतो, सगळं सगळं सांगितलं आणि वहीच्या मागच्या पानावर चित्र पण काढलं, खांद्यावर कांबळं, हातात दांडा, लाल डोळे. वही हातोहात फिरली, कुणीतरी चित्राला मिशा काढल्या, आणि त्या रात्री मी एकटी न्हाणीपर्यंत जाऊन आले. हॉरर सिनेमांचे चौथे पाचवे भाग बघताना मला ती वही आठवते. मोठमोठे स्टुडिओ कोट्यवधी रुपये घालून जे करतात ते माझ्या मामेभावाने पेन्सिलीने केलं होतं, आणि परिणाम तोच झाला होता.

आता हे असं का होतं ते नीट बघू, कारण "हल्ली सिक्वेलच येतात, नवीन काही नाही" असं सगळेच म्हणतात पण त्यामागे नक्की काय चालतं ते कुणी सांगत नाही, आणि हॉररच्या बाबतीत तर प्रकरण जास्तच गुंतागुंतीचं आहे.

मराठीत भीतीसाठी आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत ते इथे फार उपयोगी पडतात. एक आहे दचकणं. मागून कुणी भांडं पाडलं की आपण दचकतो, खांदे वर जातात, डोळे मिटतात, हे शरीर आपोआप करतं, त्याला विचार लागत नाही. आणि एक आहे धास्ती. काहीतरी होणार आहे पण काय ते माहीत नाही, कधी ते माहीत नाही, पोटात गोळा येऊन बसलेला असतो. दचकवणं सोपं आहे, आधी सगळं शांत करायचं आणि मग एकदम मोठा आवाज, थिएटरातल्या स्पीकरवर कुणीही दचकेल. पण शरीराला त्याची सवय होते, तोच धक्का परत परत दिला तर प्रतिक्रिया कमी कमी होत जाते, म्हणून तिसऱ्या भागात आवाज आणखी मोठा करावा लागतो. धास्तीचं तसं नाही. धास्ती न कळण्यावर जगते. स्पीलबर्गच्या 'जॉज'मध्ये, १९७५ च्या, शार्क नीट दिसायला तासाच्या वर वेळ लागतो, आणि तेही बरंचसं नाईलाजाने, कारण बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून त्यांनी नुसतं पाणी दाखवलं, तरंगणारी पिंपं दाखवली. लोकांची गाळण उडाली ती त्या पाण्याने.

आणि धंदा चालतो तो कळण्यावर. प्रोड्युसरला आधीपासून माहीत असलेलं नाव हवं, प्रेक्षकाला आधीपासून माहीत असलेला अनुभव हवा. म्हणजे धंद्याला ओळखीचं लागतं आणि भीतीला अनोळखी लागतं. बाकीच्या सिनेमांना हा पेच एवढा जाचत नाही, प्रेमकथा किंवा मारामारी ओळखीची असली तरी चालते, विनोदी सिनेमात तर ओळखीचं पात्र आलं की लोक आधीच हसायला लागतात. हॉररमध्ये ओळख झाली की निम्मं काम संपलं.

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' घ्या. ओरेन पेली नावाच्या माणसाने तो स्वतःच्या घरात, सात दिवसांत, साधारण १५ हजार डॉलरमध्ये शूट केला. बेडरूमच्या कोपऱ्यात कॅमेरा ठेवलेला, एक जोडपं झोपलंय, खाली कोपऱ्यात घड्याळाचे आकडे पळतायत आणि बराच वेळ काहीच होत नाही, मग दार थोडंसं हलतं. वितभर. आणि परत आहे तिथे येतं. एवढंच. पण तुम्ही तोपर्यंत त्या दाराकडे, पलंगाकडे, अंधाऱ्या पॅसेजकडे इतकं निरखून बघत असता की ते वितभर हलणं छातीत बसतं. २००९ मध्ये तो सगळीकडे लागला आणि जगभरात १९ कोटी डॉलरच्या वर कमावले. मग पुढचे भाग आले, त्यात या बाईच्या बहिणीचं काय झालं ते कळलं, लहानपणी काय घडलं ते कळलं, आजीचा चेटक्यांशी संबंध होता ते कळलं, आणि २०१५ च्या भागात एका खास कॅमेऱ्यातून ते भूत चक्क दाखवलं, तेही थ्रीडीमध्ये. माझ्या मामेभावाच्या चित्रासारखंच. दार हलताना जे वाटलं होतं ते परत कधी वाटलं नाही.

दुसरं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. जॉन कार्पेंटरचा १९७८ चा 'हॅलोवीन'. त्यात मायकल मायर्स नावाचा खुनी आहे, त्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा स्वस्तातला मुखवटा होता, त्याचे डोळे मोठे कापले आणि वर पांढरा रंग मारला. तो बोलत नाही, का मारतो ते सांगत नाही, नावं येतात त्यात तर त्याला नुसतं 'द शेप' म्हटलंय, आकार. मग १९८१ ला दुसऱ्या भागात सांगितलं की तो ज्या मुलीच्या मागे लागलाय ती त्याची बहीण आहे. झालं. आतापर्यंत तो कुणाच्याही दारात उभा राहू शकत होता, माझ्या तुमच्या सुद्धा, आता तो फॅमिली मॅटर झाला. हे इतकं खटकणारं होतं की २०१८ मध्ये नवीन 'हॅलोवीन' काढला तेव्हा त्यांनी बहिणीची भानगड सरळ पुसून टाकली, मधले सगळे भाग झालेच नाहीत असं धरलं आणि १९७८ ला जोडून पुढे गेले.

पण मला जास्त वाईट वाटतं ते मधल्या एका भागाचं. १९८२ च्या तिसऱ्या 'हॅलोवीन'मध्ये त्यांनी मायकल मायर्सला काढूनच टाकलं होतं. कल्पना अशी होती की नाव तेच ठेवू पण दरवेळी नवी वेगळी गोष्ट सांगू. किती चांगली कल्पना. लोक चिडले, आमचा मुखवटेवाला कुठाय, आणि १९८८ ला चौथा भाग आला त्याच्या नावातच होतं की मायकल मायर्स परत आलाय. त्यामुळे सगळा दोष स्टुडिओवाल्यांवर टाकायला मी तयार नाही, नवीन दिलं तेव्हा आपणच नाकारलं होतं.

आता पैशाचं बघू. सिनेमा बनवायला जेवढा खर्च येतो त्याशिवाय तो लोकांना माहीत करून द्यायला वेगळा खर्च येतो, ट्रेलर, पोस्टर, गावोगावच्या जाहिराती, आणि कित्येकदा हा खर्च बजेटच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याच्याही वर जातो. सिक्वेलला हे सोपं पडतं, नावापुढे २ लावला की अर्धी जाहिरात झाली. त्यात आपल्याकडे मल्टिप्लेक्समध्ये पैसे वाटायची जी पद्धत आहे ती समजून घेण्यासारखी आहे. २००९ मध्ये हिंदीतल्या प्रोड्युसरांचं आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं मोठं भांडण झालं होतं, दोनेक महिने नवीन मोठे सिनेमे लागलेच नव्हते. त्यानंतर ठरलं ते असं, की टॅक्स वगैरे वजा जाऊन तिकिटाचे १०० रुपये उरले असं धरलं तर पहिल्या आठवड्यात सिनेमावाल्याला ५०, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यानंतर ३०.

याचा अर्थ काय होतो बघा. ज्या सिनेमाला पहिल्या तीन दिवसांत गर्दी होते त्याला प्रत्येक तिकिटामागे जास्त मिळतात. अनोळखी सिनेमाला गर्दी होते ती एकाने दुसऱ्याला सांगून, ऑफिसमध्ये कुणी म्हणालं अरे तो बघ म्हणून, आणि तेवढ्यात दुसरा शुक्रवार आलेला असतो, शो सकाळी दहाचा आणि रात्री अकराचा उरलेला असतो, आणि जे कोण येतील त्यांच्या तिकिटातला वाटाही कमी झालेला असतो. म्हणजे हळूहळू पसरणाऱ्या सिनेमाला ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी मारते. कुणी वाईट माणूस बसून हे करत नाही, आकडेच तसे बसलेत. २०२४ चे जगात सगळ्यात जास्त कमावणारे दहा सिनेमे बघितले तर 'विकेड' सोडून बाकी सगळे कशाचा तरी पुढचा किंवा मागचा भाग आहेत, आणि 'विकेड' सुद्धा गाजलेल्या नाटकावरून आलेला.

प्रेक्षक म्हणून आपलं गणित पण असंच असतं. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात होतो, त्यामुळे आम्ही पणजीत एक गोष्ट दरवर्षी डोळ्यांनी बघतो. नोव्हेंबरमध्ये ज्या देशाचं नाव नकाशात शोधावं लागेल तिथल्या सिनेमाला, ज्यातला एकही नट माहीत नाही, त्याला लोक तास तास लाईनीत उभे राहतात. डिसेंबरमध्ये त्याच थिएटरात तेच लोक म्हणतात, उगाच रिस्क नको, त्याचा तिसरा भाग लागलाय तोच बघू. माणसं बदलली नाहीत. इफ्फीत गळ्यात कार्ड असतं, एक सिनेमा फसला तर उठून दुसऱ्या रांगेत जायचं, जादा पैसे जात नाहीत. डिसेंबरात चौघांची तिकिटं, पॉपकॉर्न, म्हापशाहून किंवा फोंड्याहून यायचं पेट्रोल, एवढं घालून अनोळखी सिनेमाला जायचं म्हणजे घरातल्या कुणालातरी जबाबदारी घ्यावी लागते, आणि फसला तर परतीच्या वाटेवर ऐकून घ्यावं लागतं.

मग हॉररमध्येच नवीन कल्पना एवढ्या येतात कशा, कारण खरं बघितलं तर येतात. कारण हॉरर स्वस्तात होतो. स्टार लागत नाही, एक घर लागतं, चार नट, चांगला आवाज करणारा माणूस, आणि अंधार. जॉर्डन पीलचा 'गेट आउट', २०१७ चा, ४५ लाख डॉलरमध्ये झाला, २५ कोटींच्या वर कमावले आणि पटकथेचं ऑस्कर घेऊन गेला. कमी पैसे अडकलेले असले की लोक नव्या दिग्दर्शकाला हो म्हणतात. पण तो चालला रे चालला की लगेच हिशोब होतो की एवढ्याशा पैशात एवढं आलं, काढा अजून. म्हणून एकाच प्रकारात सगळ्यात जास्त नव्या कल्पना पण येतात आणि सगळ्यात लांब शेपट्या पण लागतात. 'सॉ' २००४ ला १२ लाख डॉलरमध्ये झाला, २०२३ पर्यंत दहा भाग झाले.

हे आजचं आहे असंही नाही. युनिव्हर्सलचा 'फ्रँकेन्स्टाइन' १९३१ चा. मग त्याची वधू आली, मग मुलगा, मग भूत, मग लांडगा-माणसाशी गाठ, आणि १९४८ मध्ये त्याच राक्षसाला ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीसमोर उभं केलं. सतरा वर्षांत थरकाप ते हशा. राक्षस तोच, फक्त लोक त्याला ओळखायला लागले होते.

आपल्याकडे सध्या जे हॉरर-कॉमेडीचं पीक आलंय त्याकडे मी अशीच बघते. २०१८ च्या 'स्त्री'ची मूळ कल्पना कर्नाटकातल्या 'नाळे बा' या अफवेतली, दारावर 'उद्या ये' असं लिहून ठेवायचं म्हणजे रात्री हाक मारणारी बाई परत जाते. केवढी साधी आणि केवढी अंगावर येणारी गोष्ट, की भुताला वाचता येतं आणि ते लिहिलेलं पाळतं. दुसरा भाग २०२४ मध्ये आला आणि भारतातच ५०० कोटींच्या पुढे गेला, थिएटरात मजा आली, मी पण हसले, पण दारावरच्या त्या अक्षरांकडे बघून जे वाटलं होतं ते मोठ्या लढाईत कुठे राहणार. त्याच वर्षी कोकणातला 'मुंज्या' मोठा स्टार नसताना १०० कोटींच्या वर गेला, याचा मला फार आनंद झाला कारण पिंपळ, मुंज, सोडमुंज हे सगळं आपलं आहे, आणि लगेच पोटात गोळा पण आला की आता याचे किती भाग काढतील.

आणि 'तुंबाड'. राही अनिल बर्वेने हे डोक्यात कितीतरी वर्षं वागवलं, नारायण धारपांच्या एका कथेवरून सुचलेलं, आणि खरा पाऊस हवा म्हणून अनेक पावसाळे थांबून शूट केलं. तुम्ही कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर तो पाऊस तुम्हाला माहीत आहे, जुलैतला, भिंतीतून ओल फुटते, कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, आणि दुपारी तीनला घरात दिवा लावावा लागतो. त्या ओलीतच अर्धी धास्ती आहे. लोभाची गोष्ट शेकडो वर्षं सांगतायत, तिच्यात नवीन काही नाही, पण ती त्या पावसात, त्या वाड्यात, त्या कणकेच्या बाहुल्यांसकट कुणी सांगितली नव्हती. माझ्या मते ओरिजनल म्हणजे हेच. कुणीच न ऐकलेलं भूत शोधून काढायची गरज नसते, स्वतःच्या अंगणातला अंधार नीट बघावा लागतो. विशाल फुरियाच्या 'लपाछपी'त तो अंधार उसाच्या शेताचा होता, भर दुपारचा, सगळीकडे एकसारखे दांडे आणि वाट सापडत नाही.

'तुंबाड' २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये लागला आणि वर सांगितलेल्या गणितात अडकला, लोकांना कळेपर्यंत स्क्रीन गेल्या होत्या. मग लोकांनी तो घरी बघितला, एकमेकांना सांगितलं, वर्षानुवर्षं सांगत राहिले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये परत थिएटरात लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. हे सहा वर्षांचं तोंडी प्रमोशन होतं, कुठल्याही जाहिरातीने झालं नसतं. आणि त्याच वेळी दुसरा भाग येणार हे जाहीर झालं. मला तो बघायचाय, खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी जाईन. पण त्यातला राक्षस हस्तर आपण बघितलाय, तो कुठे असतो, कशाला भितो, कणिक का लागते, सगळं आपल्याला पाठ आहे. दुसऱ्या भागाला यातून वाट काढावी लागेल.

वाट निघते, तसं काही अशक्य नाही. रिडली स्कॉटच्या १९७९ च्या 'एलियन'मध्ये एकच प्राणी होता आणि तो फारसा दिसत नव्हता. १९८६ ला जेम्स कॅमेरॉनने दुसरा भाग केला तेव्हा त्याने ती धास्ती परत आणायचा हट्ट सोडला, ढिगाने प्राणी आणले आणि युद्धाचा सिनेमा केला, आणि तो उत्तम झाला. लोक काय ओळखून बसलेत हे त्याला कळलं होतं.

आता एका गोष्टीने मला बरेच दिवस अडवून ठेवलं होतं ती सांगते. आमच्याकडे जत्रेला दशावतारी काला होतो आणि त्यात सुरुवातीला शंकासुर येतो, डोक्यापासून पायापर्यंत काळा, चेहरा काळ्या कापडात, वर रंगवलेले डोळे. दरवर्षी तोच, दरवर्षी वेद चोरणार आणि विष्णूकडून मरणार, मधे मालवणीत फटकेबाजी करून हसवणार. हा तर जगातला सगळ्यात जुना सिक्वेल झाला. तरी पोरं अजून घाबरतात. मग ओळखीने भीती मरते हे म्हणणं चुकलं का? मागच्या जत्रेला मी मुद्दाम नीट बघितलं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, कलाकार उभ्या उभ्या बोलतो, त्यामुळे गोष्ट ठरलेली असली तरी शंकासुर पुढच्या क्षणी कुठे वळेल, कुणाकडे बोट दाखवेल, लोकांतल्या कुणाला धरून काय विचारेल ते त्यालाही माहीत नसतं. तो स्टेजच्या कडेला येऊन थांबतो आणि पुढच्या रांगेतल्या पोरांकडे नुसतं बघतो. तेवढ्यापुरतं सगळं परत अनोळखी होतं.

माझी भाची सहा वर्षांची, तिसऱ्यांदा बघत होती, पुढे काय होणार ते मला आधीच सांगून बसली होती. तो बघायला लागला तशी माझ्या ओढणीत शिरली. विष्णूने त्याला मारलं, तो पडद्याआड गेला, मुख्य नाटक सुरू झालं, राजा येऊन गाणं म्हणायला लागला, आणि ही मात्र राजाकडे बघेचना, मंडपाच्या मागे जिथे ट्यूबलाईटचा उजेड संपतो तिकडे बघत होती. मग माझ्या कानात म्हणाली, मावशी, तो आता कुठल्या बाजूने गेला?